हौसेचं माप

टेलरबाईंच्या दुकानात त्यांच्या बहिणीचं एक धड होतं. दचकू नका, शिवणकामातलं धड. उभ्या दांड्यावर खांद्यापासून मांडीपर्यंतचा लाकडी सांगाडा, त्यावर कापसाचे थर आणि वरून जाड कापडाची घट्ट खोळ. ज्या गिऱ्हाइकाला घडोघडी फिटिंगला यायला सवड नाही, त्याच्या मापाचं असं धड करून ठेवायचं आणि कपडा त्याच्यावर चढवून बघायचा. ही धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काउंटरमागे उभी. तिला कुठली सवड? म्हणून तिचं धड कायम खिडकीजवळच्या कोपऱ्यात असायचं. काजं-बटणं करणाऱ्या मावशी येता-जाता त्याला म्हणायच्या, "सरक गं बाई, वाट अडवून उभी राहतेस."

या दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटीला वेणी घालता येत नव्हती. टेलरबाईंनीच तिला लहानाची मोठी केली, स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला की मशीन जोरात चालवली, आणि बहिणीचा पहिल्या फ्रॉकपासूनचा प्रत्येक कपडा स्वतःच्या हातानं शिवला. धाकटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण होती.

अंगानं धाकटी गुटगुटीत. खोटं कशाला बोला! उभं राहून राहून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "वजन थोडं उतरवा, पण सावकाश. तीन वेळा नीट जेवायचं. डाळ, अंडं, दूध, भाजी पोटात जायलाच हवी. तळलेलं, गोड कमी करा आणि रोज चाला. जेवण थोडंच कमी करायचं, बंद नाही. उपाशी राहून जे उतरतं ते टिकत नाही, आणि जाताना बरंच काही घेऊन जातं."

किती साधी गोष्ट! पण साधी गोष्ट ऐकेल तर तो माणूस कसला? धाकटीला 'पी हळद नि हो गोरी' हवं होतं.

ती निळं लोकरी कापड घेऊन दुकानात आली. "ताई, कोट शिव. पण आत्ताच्या मापाचा नको."

"मग काय शेजारणीच्या मापाचा शिवू?"

"चेष्टा नको गं. धडातला कापूस काढ, मला व्हायचंय तेवढं बारीक कर त्याला. कोट त्याच्या अंगावर टांगून ठेव. मी येता-जाता बघेन, म्हणजे मला हुरूप येईल."

मावशींची सुई थांबली. त्या दुकानाच्या जुन्या शिंपी मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या, टेलरबाईंच्याही आधीपासून. "असं करू नये," त्या म्हणाल्या. "मास्तर सांगायचे, माप माणसाचं घ्यावं, हौसेचं घेऊ नये. माणूस पुढं आणि धड मागं. धड पुढं गेलं की माणसाला ओढतं."

"मावशी, मास्तरांना अमावास्येला घराबाहेर पाऊल टाकायचीही भीती वाटायची," धाकटी हसली.

टेलरबाईंनाही धाकटीचा हा हट्ट पटला नव्हता. पण बहिणीनं मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी खोळ उसवली, मूठ-मूठ कापूस उपसला, खोळ आत घेऊन पुन्हा शिवली. धड असं सडपातळ झालं की धाकटीनं टाळ्याच वाजवल्या. मावशी मात्र त्या दिवसापासून धडाशी बोलेनाशा झाल्या.

आणि वजन उतरलं की हो! भराभर उतरलं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं विचारायला लागली, काय खाता, काय करता? धाकटी नुसती हसायची. खातच नव्हती तर सांगणार काय? सकाळी काळा चहा, दुपारी अर्धं सफरचंद, रात्री "आज दुकानातच झालं गं काहीतरी." सुरुवातीला पोटात कावळे ओरडायचे. मग तेही गप्प झाले. "ताई, भूकच मेली बघ माझी," ती अभिमानानं म्हणाली. टेलरबाई तिला रागवायला निघाल्या होत्या. पण कोट घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा इतकी सुरेख दिसत होती की त्यांनी डोळे पुसले आणि कोटाची कॉलर सारखी केली.

तिथंच थांबलं असतं तर मी हे सांगत बसलो नसतो.

एका सकाळी टेलरबाईंनी दुकान उघडलं तर धडाच्या कमरेशी खोळीला चुणी पडलेली. कापूस बसतो, नवल नाही. आता शिंप्याची खोड तुम्हाला सांगायला हवी. कापडात झोळ दिसला की त्याचा हात स्वस्थ बसत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या पाठीवर चुणी दिसली तरी तो मनातल्या मनात टाचणी लावतो. टेलरबाईंनी विचारसुद्धा केला नाही. टाचण्या तोंडात धरल्या, जादा कापड चिमटीत घेतलं आणि खोळ आत घेतली. धड पुन्हा ताठ, नीटनेटकं.

संध्याकाळी धाकटी आली ती कोट कमरेशी धरून. "ताई, सैल झाला गं. कालपर्यंत नीट होता."

टेलरबाईंनी कोटही आत घेतला. पुढं हे रोजचंच झालं. सकाळी धडावर चुणी, त्यांची टाचणी, आणि संध्याकाळी धाकटीचं अंग त्या टाचणीपर्यंत आलेलं. आधी खांदे, मग पाठ, मग बरगड्या. कुठलं आधी आणि कुठलं मागून, हे टेलरबाईंच्या लक्षातच येत नव्हतं. मावशींच्या येत होतं. "बाई, हात आवरा," त्या एकदा म्हणाल्या, "तुम्ही कापड आत घेत नाही आहात."

"मग काय घेतेय?"

मावशी दोरा तोडून उठल्या आणि पाणी प्यायला गेल्या.

धाकटीच्या कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. भर दुपारी तिचे हात गार लागायचे. जेवणाच्या सुट्टीत ती ताईच्या दुकानात येऊन धडाशेजारीच बसायची, तिथं तिला बरं वाटतं म्हणायची. खिडकीतून ऊन आलं की भिंतीवर दोघींच्या सावल्या पडायच्या. धडाला डोकं नव्हतं म्हणून ओळखायचं, नाहीतर फरक कळला नसता.

मग एक दिवस ती काउंटरमागं कोसळली. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि त्या भडकल्याच. "मी वजन कमी करायला सांगितलं होतं की नाहीसं व्हायला? शरीराला बाहेरून मिळालं नाही तर ते आतलं खातं. आधी चरबी, मग मांस. आणि काळीजही मांसाचंच असतं, कळतंय का? थोडं-थोडं, पण आजपासून खायचं. फार लांबलं तर माझ्याही हातात राहणार नाही."

टेलरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता एकच गोष्ट उरली, बहीण जगली पाहिजे. त्यांनी मऊ भात केला, अंडं उकडलं, दूध तापवलं. धाकटी "खाते गं" म्हणायची आणि खरंच ताट रिकामं दिसायचं. दोन दिवसांनी कोट झटकला तर खिशातून भाताची वाळकी ढेकळं पडली.

रविवारी दुकान बंद. दुपारी टेलरबाई एकट्याच गेल्या. धडाच्या खोळीला पुन्हा चुण्या होत्या. पोटापासून गळ्यापर्यंत, धुवून पिळलेल्या फडक्यासारख्या. त्यांनी शिवण उसवली आणि आत हात घातला. कापूस नव्हता. त्यांनी सुरुवातीला ठेवला होता तो सगळा थर, खोळीच्या आतून, कुणी चाटूनपुसून खाल्ल्यासारखा गेला होता. उंदीर म्हणावं तर एक भोक नाही, एक लेंडी नाही. बोटांना नुसतं लाकूड लागलं. ते लाकूड गार होतं. तो गारवा त्यांच्या ओळखीचा होता.

किंचाळायला हवं होतं, पण किंचाळायचं कुणासाठी? त्यांनी कपाटातला सगळा कापूस बाहेर ओढला आणि खोळीत कोंबायला सुरुवात केली. पोटात, पाठीत, छातीत. "घे बाई, घे," म्हणत, रडत, हाताला येईल तेवढा. धड फुगलं. खोळ ताणली. धाकटी आधी होती तशी, गुटगुटीत. जिवात जीव आला त्यांच्या.

सकाळी धाकटी उठली ती गाल वर आलेले, पावलं भरलेली, पोटऱ्या गोल. टेलरबाईंना आभाळ ठेंगणं झालं. "अगं, बघ की, भरलीस!" म्हणत त्यांनी लाडानं तिची पोटरी दाबली.

बोट आत गेलं. काढलं तर खड्डा तसाच राहिला. कातडी वर आलीच नाही. त्यांनी दुसरीकडं दाबलं, तिथंही तसाच. कापसात दाबलेल्या अंगठ्यासारखा. धाकटी स्वतःच्या पायाकडं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "दुखत नाही," ती म्हणाली. "काहीच वाटत नाही, ताई."

"पाणी धरलंय अंगात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपासमारीनं असं होतं. ही सूज म्हणजे मांस नव्हे. आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर इस्पितळात हलवायचं."

टेलरबाई आगीतून फुफाट्यात पडल्या होत्या. रिक्षात बसल्या-बसल्या त्यांना मास्तरांचं बोलणं आठवलं आणि स्वतःचाच संताप आला. आधी हौसेचं माप घेतलं, मग भीतीचं. माणसाचं माप घ्यायचं राहूनच गेलं! रिक्षा घरी न नेता त्यांनी दुकानाकडं वळवली.

मावशींनी दार लावून घेतलं. धाकटीला स्टुलावर बसवलं. टेलरबाईंनी धडाची खोळ फाडून काढली, कापूस जमिनीवर सोडला आणि टेप हातात घेतला. पावलं-पोटऱ्या सुजेच्या, तिथलं माप खोटं. म्हणून त्यांनी वरची मापं घेतली. दंड, खांदा, छाती, बरगडीखालचा खळगा. टेप इतका उरायचा की स्वतःभोवतीच गुंडाळला जायचा. एकेक माप घेऊन त्या धडाकडं जात, तेवढाच कापूस लावत, परत येत. धाकटी बघत होती. तिच्यादेखत ते धड तयार झालं. खांद्याची टोकं वर आलेली, छाती खपाटीला गेलेली, गळ्याखाली चहाची वाटी राहील असा खड्डा. मग त्यांनी निळा कोट त्याला घातला. कोट खांद्यावर टिकला नाही. घसरून खाली पडला.

"कुणाचं आहे हे?" धाकटीनं विचारलं. "कुठल्या आजींचं?"

मावशी स्टोव्ह पेटवायला वळल्या.

"ताई, कुणाचं? या बाई जिवंत आहेत का?"

"आत्तापर्यंत आहेत," टेलरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा बांध फुटला. "आरशात तुला जाडी दिसते ना? मग इकडं बघ. मी तुझी आई झाले, बहीण झाले, सगळं झाले. पण तुझ्या जागी मला जेवता येत नाही गं! येत असतं तर तू म्हणशील तितकं जेवले असते."

धाकटी उठली. भिंतीचा आधार घेत धडापाशी गेली आणि तिनं त्याच्या पोटावर तळहात ठेवला. मग म्हणाली, "किती गार आहे. हिला कुणी काही दिलंच नाही का?"

मावशींनी एव्हाना स्टोव्हवर सूप गरम केलं होतं, डाळीचं, पातळ. वाटीत थोडंसंच ओतलं. "एकदम नाही हं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रिकाम्या पोटाला घाई सोसत नाही." टेलरबाईंनी चमचा पुढं केला. धाकटीचे ओठ मिटले, उघडले. तिनं घोट घेतला. गिळताना तिला इतका त्रास झाला की डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घोट. तिसरा तिनं तोंडातच धरला, गाल फुगवून, डोळे मिटून.

"अजून आहे?"

आवाज बारीक होता, कोरडा, फार दिवस न बोललेल्या माणसाचा. मावशींच्या हातातली पळी स्टोव्हवर आपटली. धाकटीनं डोळे उघडले. तिचं तोंड सुपानं भरलेलं होतं. तिनं ते घाईघाईनं गिळलं आणि बहिणीचा हात घट्ट धरला.

"ताई, कोण बोललं?"

टेलरबाईंनी कोपऱ्याकडं पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती. त्यांनी चमचा भरला, त्यावर फुंकर घातली आणि बहिणीच्या तोंडाशी नेला.

"तूच बोललीस, बाळा," त्या म्हणाल्या. "कधीपासून बोलतेयस. घे, अजून पुष्कळ आहे."