सरांसाठी वाढलेलं ताट

सव्वीस वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात काढल्यावर आचाऱ्याचं उजवं मनगट कामातून गेलं. जड भांडं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मालकाने भिंतीवरचं एक घड्याळ हातात ठेवून त्याला घरी पाठवलं. चार महिने तो खिडकीशी बसून राहिला. बायको भाजी चिरायला बसली की "जाड चिरतेस" म्हणून तिचं डोकं खायचा. शेवटी मुलीने एक जुना कॅमेरा आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, तुमचा जीव अन्नात आहे. शिजवता येत नाही, तर फोटो काढा."

तिनेच त्याचं नाव एका फिरत्या कार्यशाळेत घातलं. दहा दिवस, चार गावं, एक मिनीबस आणि आठ विद्यार्थी. प्रत्येक ठिकाणी पदार्थ करायचे, मांडायचे आणि फोटो काढायचे.

शिकवणारे सर इतकं हळू बोलत की त्यांचे टोमणे ऐकायलाही माणसांना पुढे वाकावं लागे. पहिल्या सकाळी त्यांनी प्रत्येकाला काय करता म्हणून विचारलं.

"हॉटेलात आचारी होतो."

"अरे वा," सर म्हणाले. "मग माझी एक कटकट मिटली."

त्याच दिवशी त्यांनी ठरवलेल्या स्वयंपाकिणीला येऊ नका म्हणून कळवलं. त्यानंतर रोज सकाळी सर फर्माईश सांगत आणि आचारी चुलीपुढे उभा राही. बाकीचे सात जण खिडकीशी टेबल लावून उजेड कुठून घ्यायचा, तो परतवायला पांढरा पुठ्ठा कुठे धरायचा, हे शिकत. सूप, पाव, भात, केक, सगळं त्याच्या हातचं. त्याची पाळी येईपर्यंत ऊन उतरलेलं असे आणि सूपवर साय धरलेली असे.

एकट्या मावशी त्याच्यासाठी थांबत. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्याच्या फोटोसाठी त्या पुठ्ठा धरून उभ्या राहत, मग भांडी घासू लागत. एकदा त्याच्या हातून कढई निसटली, तेव्हा त्यांनी पिशवीतून पट्टी काढून त्याचं मनगट आवळून बांधलं.

"भाऊ, तोंड उघडा जरा. तुम्हीही शिकायलाच आलात."

त्याच संध्याकाळी सरांनी पडद्यावर त्याचा फोटो लावला. केकचा अर्धा भाग अंधारात होता.

"हा आचाऱ्याचा डोळा. यांना वाटतं, पोट भरलं की काम झालं."

सगळे हसले.

"सर, त्यांना वेळच मिळत नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, वकिली नंतर करा. आधी तुमचं बघू." मग पाऊण तास सरांनी मावशींचा एकेक फोटो सोलून काढला. मावशी वहीत सगळं उतरवून घेत होत्या. मध्येच त्यांचं पेन थांबलं, पण मान काही वर झाली नाही.

तिसरं गाव तळ्याकाठचं होतं. आठव्या दिवशी सरांनी अख्ख्या भाजलेल्या कोंबडीचा फोटो कसा काढतात ते शिकवलं. पूर्ण भाजली की कातडी सुरकुतते, म्हणून ती जेमतेम पंधरा मिनिटं भट्टीत ठेवायची आणि करपवलेल्या साखरेचं पाणी ब्रशने फासायचं. बाहेरून सोनेरी, आत कच्ची. खायची कोंबडी वेगळी, ती आचाऱ्याने दुसऱ्या ट्रेमध्ये नीट भाजली.

दुपारी ते उतरले होते त्या अतिथिगृहाची मालकीण जेवायला येणार होती. आचाऱ्याने विचारलं, "सर, ऊन आहे तोवर दहा मिनिटं मी फोटो काढू का?"

सर मालकिणीकडे वळून म्हणाले, "यांना आम्ही हौसेने बरोबर फिरवतो. हात चालत नाही आणि डोळा तर नव्हताच कधी. पण जेवायला घालतात बिचारे." मग त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "वाढा."

आचारी आत गेला. आठ ताटं त्याने शिजलेल्या कोंबडीची वाढली. नवव्यासाठी फोटोतल्या कोंबडीची तंगडी कापली, तव्यावर बाहेरून खरपूस केली, वर रस ओतला. ते ताट त्याने स्वतः नेऊन सरांपुढे ठेवलं.

सरांनी काटा उचलला आणि परत ठेवला. मालकीण बघत होती. "आज मावशींचा फोटो त्यातल्या त्यात बरा आलाय," ते म्हणाले. "मोठी तंगडी त्यांना." आणि ताटांची अदलाबदल केली.

आचारी पाण्याचा जग घेऊन उभा होता. बोलावं तर हे ताट कुणासाठी होतं, ते सांगावं लागणार. मावशींनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग तंगडी जरा वळवून पाहिली.

"भाऊ, आत लालसर दिसतंय का हो?"

"हाडाजवळ तसंच असतं," तो म्हणाला.

त्याचा शब्द म्हणून त्यांनी सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींना ताप भरला. उलट्या थांबेनात. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध हरपत चालली होती. बाहेरच्या बाकावर सर आचाऱ्याशेजारी येऊन बसले.

"कोंबडी शिजली होती ना?"

"आठांची शिजली होती," आचारी म्हणाला. "नववं ताट तुमचं होतं. तुम्हीच ते सरकवलंत."

सर उठले आणि सगळ्यांना म्हणाले की मावशींना इथलं पाणी बाधलं, त्यांचा मुलगा निघाला आहे, आपण पुढे जाऊ. आचारीही बसमध्ये चढला.

चौथ्या गावी सरांनी बाहेरून स्वयंपाकीण बोलावली. खिडकीजवळचं टेबल आचाऱ्याला दिलं, पुठ्ठा स्वतः धरला. एकदाही टोमणा मारला नाही. त्या उन्हात आचाऱ्याने तुटलेल्या पावाचा एक फोटो काढला. पावाचा पोत असा उतरला होता की सगळे उठून पडद्यापुढे आले. त्या फोटोवरच त्याला एका बेकरीचं काम मिळालं. मुलीने शेजारीपाजारी सगळ्यांना तो दाखवला.

मावशी अकरा दिवस दवाखान्यात होत्या. ताप गेला, पण सांध्यांना सूज राहिली. चार महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"भाऊ, पावाचा फोटो पाहिला. मी म्हणत नव्हते? एकदा या इकडे. माझ्या बोटांनी आता बटण दाबवत नाही. काही युक्ती असेल तर सांगा."

तो गेला. मावशींनी दोन्ही हात उशीवर ठेवले होते, बोटं फुगलेली. सुनेने पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. मावशी कॅमेऱ्याबद्दल उत्साहाने बोलत होत्या. बोट न लावता फोटो काढता येतो म्हणे, खरं का? आचाऱ्याला ते ऐकवेना.

"मावशी, ते ताट सरांसाठी होतं."

"कुठलं ताट?"

त्याने सगळं सांगितलं. कच्ची तंगडी, तवा, वर ओतलेला रस.

"म्हणजे माझ्यासाठी नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही. शपथेवर सांगतो."

"पण मी तुम्हाला विचारलं होतं."

आचाऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"विचारलं होतं ना मी?"

"हो."

मावशींनी मान स्वयंपाकघराकडे वळवली. "सूनबाई, चहा नको टाकूस. हे निघालेत."

तो चपला घालत असताना सून कप घेऊन दारात आली. तिला काहीच कळलं नव्हतं. "झालाच आहे हो, दोन घोट घेऊन जा ना," ती म्हणाली.

"नको म्हटलं ना," आतून मावशी म्हणाल्या.

सून कप घेऊन तशीच उभी राहिली. आचारी जिना उतरू लागला.