कुंकवातला अंगठा

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरसुद्धा नाही. राग मानू नका, कुलपाचा स्वभावच तसा.

माझा जन्म अलिगढचा. पोटात पोलादी तरफा, अंग भरीव. पन्नास सालानंतर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एकाच्या मागच्या गोदामावर मला चढवलं. आत तांब्याच्या तारेची बंडलं होती. तांबं म्हटलं की भल्याभल्यांची नजर फिरते, म्हणून मी जवळ येणाऱ्या प्रत्येकाचे हात निरखून पाहत असे.

रोजची माणसं दोनच. स्टोअरकीपर हिंदुराव बोलायला भारी गोड. मला डाव्या हातात धरून पोटावर अंगठा दाबायचे. दुसरा पहारेकरी दत्तोबा, थेरगावचा. तो बायकोबरोबर, सुभद्राबाईबरोबर, भिंतीलगतच्या खोलीत राहायचा.

त्या वर्षी खंडेनवमी आली. अष्टमीच्या संध्याकाळी हिंदुराव माझी चावी दत्तोबाकडे देऊन सणासाठी तळेगावला सासुरवाडीला निघाले. नवमीच्या सकाळी कारखान्यातल्या यंत्रांची, हातोड्यांची पूजा झाली. मग मी कसा मागे राहीन? सुभद्राबाईनं मला दारावरच चिंचेच्या कोळानं घासून लख्ख केलं. तेलात कालवलेलं कुंकू पोटावर जाडसर लावलं.

"आपला राखणदार हाय त्यो," ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुपारी सगळे घरी गेले. दत्तोबा पुढच्या फाटकाशी होता. तेवढ्यात माझ्या पोटात एक चावी शिरली. चावी नवी होती, पण मला धरणारा डावा हात ओळखीचा. अंगठा थेट ओल्या कुंकवात दाबला गेला. हिंदुराव! अरे लबाडा, तू तर तळेगावात ना? ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कसा? चावी बरोबर बसली आणि मी उघडलो. बंडलं मागच्या बाजूनं बैलगाडीत गेली. मला पुन्हा लावून तो निघून गेला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी गोदाम उघडायला सांगितलं. पूजेचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून दत्तोबानं मला वरच्या कडीशीच धरून उघडलं. आत पाहतात तर अर्धं गोदाम रिकामं!

फौजदार यशवंतराव आले. पंचांना उभं करून त्यांनी पंचनामा केला. कुलूप शाबूत, चावी दत्तोबाकडे. मग त्यांची नजर माझ्या चकाकीवर गेली.

"हे कुणी घासलं?"

"म्या, साहेब," सुभद्राबाई म्हणाली. "खंडेनवमी व्हती न्हवं?"

"खंडेनवमी होती, की नवऱ्याच्या बोटांचे ठसे पुसायचे होते?"

दत्तोबाला धरून नेलं. फौजदार संशयखोर खरे, पण कामाला पक्के. मला कडीला दोरी बांधून लाकडी पेटीत अधांतरी लटकवलं आणि वर लाखेची मोहर केली.

पेटी बंद झाल्यावर हिंदुरावांचा आवाज आला. "अरेरे! मी अष्टमीपासून तळेगावात आणि इथं हे? दत्तोबा असा निघेल असं वाटलं नव्हतं हो!" लाज नाही माणसाला! मला तिथल्या तिथं खाली पडून त्याचा पाय ठेचावासा वाटला.

सुभद्राबाईला नळावरच्या बायका टाळू लागल्या. कालपर्यंत हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका तिला पाहून घागर उचलायच्या.

पुण्यात, ठसे तपासायच्या कचेरीत, पेटी उघडली. आधी फोटोग्राफर अकबरभाईंनी चहूबाजूंनी माझे फोटो घेतले. "कुणी हात लावायचा नाही," ते फौजदारांनाही खडसावून म्हणाले. मग भिंग घेऊन ठसेतज्ज्ञ दौलतराव वाकले. समोर दत्तोबा, सुभद्राबाई, मॅनेजर, हिंदुराव, सगळ्यांच्या बोटांचे शाईचे ठसे होते.

"घासून साफ केलंय, काय मिळणार त्यात?" फौजदार म्हणाले.

"घासल्यानंतर कुंकू लावलंय ना? मग कुंकवात बघू." दौलतरावांनी भिंग कुंकवावर धरून शाईच्या ठशांशी एकेक रेघ ताडून पाहिली. मी श्वास रोखून होतो म्हणा ना. "हा डावा अंगठा. हिंदुरावांचा."

"म्हणजे चोर तोच!"

"ते मला विचारू नका. अंगठा कुणाचा, एवढंच मी सांगणार. तो तिथं कसा गेला, ते तुम्ही शोधा. चोर कोण, ते न्यायाधीश ठरवतील."

फौजदार खुर्चीत बसून बोटांवर दिवस मोजू लागले. कुंकू लागलं नवमीला. हिंदुराव परतले तेव्हा मी मोहरबंद पेटीत. मग अंगठा उमटला कधी? ते उठले आणि थेट तळेगावला गेले. जावई नवमीच्या सकाळीच बाहेर पडले होते, असं सासूनं भाबडेपणानं सांगून टाकलं. हिंदुरावांच्या कासारवाडीच्या घरात पिठाच्या डब्यात दुसरी चावी सापडली. तार भंगारवाल्याकडे निघाली. न्यायाधीशांनी पंचांचं, अकबरभाईंचं, दौलतरावांचं, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मगच हिंदुरावांना शिक्षा ठोठावली. दत्तोबा तेव्हा कुठे घरी आला. पार वाळून गेला होता हो.

मी मात्र मुद्देमालाच्या खोलीत पडून राहिलो. अंगावर हिरवा थर चढला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. कारखान्यानं नवं कुलूप आणलं होतं. शेवटी यशवंतराव स्वतः मला घेऊन दत्तोबाच्या खोलीवर आले.

"बाई, हे तुमच्याकडेच ठेवा."

सुभद्राबाईनं हात पुढं केला नाही. "आदी पंचनामा करा, साहेब. दोन पंच बोलवा अन् लिवा, कुलूप तुमी दिलं म्हून. न्हाईतर उद्या तुमीच इचाराल, कुटनं आणलं?"

फौजदारांची मान खाली गेली. त्यांनी शेजारच्या दोघांना बोलावलं आणि जमिनीवर बसून खरोखरच लिहून दिलं.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू? माझं पोट त्यावरच आहे. पण एखाद्याला चोर म्हणण्याआधी ज्याचं जे काम आहे ते त्याला पुरतं करू द्या. आणि घरातल्या जुन्या कुलपाला अधूनमधून तेल घाला, एवढीच विनंती.

सुभद्राबाई अजून दर खंडेनवमीला मला चिंचेनं घासते. फक्त आधी शेजारणीला हाक मारून उंबऱ्यात उभी करते, आणि मला तिच्यासमोर धरून म्हणते, "बघा हां, मी घासतीया."