अमृतरावांची ताजी गाडी

पोरांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका कृषी केंद्राच्या पायरीवर बसला आहात. आत बियाण्याच्या पिशव्यांच्या थप्प्या आहेत, खताचा वास नाकात बसतो आहे आणि गल्ल्यामागे अमृतराव बसले आहेत. एक शेतकरी सोयाबीनची पिशवी खांद्यावर टाकून निघतो. अमृतराव त्याला हाक मारतात.

"पलटून पाहिली का?"

"काय, मालक?"

"पिशवी. तारीख कव्हाची हाये? उगवण कव्हा तपासली? लेबल एक हाये का दोन? काहून तशीच घेऊन चालला? उद्या उगवलं न्हाई म्हंजे माझ्याच दारात येऊन बसतान."

शेतकरी ओशाळतो, पिशवी खाली ठेवतो, पलटतो. पायरीवर बसलेली माणसं हसतात. तुम्हीही हसा, आत्ताच हसून घ्या.

आमचं गाव डोंगरकडा नावाच्या बाजारगावापासून जवळ, आणि हा खेळ आमच्या गावात दर मृगाला चालायचा. अमृतरावांनी कधी जुनं बियाणं नवं म्हणून विकलं नाही, हे मान्य. पण कुणीतरी तसं विकतं, जुन्या पिशवीवर नवं लेबल चिकटवतं, आणि आपल्याला ते कळतं, याचा त्यांना फार आनंद. ती विद्या त्यांनी आपल्याकडेच वाढणाऱ्या नातीला, राणीला दिली होती. राणी सात वर्षांची असल्यापासून दुकानात पिशव्यांच्या तारखा वाचायची. लेबलाच्या कोपऱ्याखाली नख घालून खाली दुसरं लेबल आहे का ते बघायची. अमृतराव गिऱ्हाइकांना सांगायचे, "एवढं लेकरू पाहून राहिलं, आन तुमाला मिशा फुटल्या तरी अक्कल न्हाई."

आता हीच नजर घेऊन अमृतराव गाडी घ्यायला गेले असते तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

दोन हजार चोवीसच्या दसऱ्याला त्यांनी विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं. जुनी जीप सतरा वर्षांची झाली होती. त्यांनी सोबत मकबूलला घेतलं. मकबूल गावातला मोटार वाइंडिंगवाला. पंपाच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात आणि फिरत्या होऊन जातात. विजेचं त्याला कळतं, म्हणून त्याला नेलं. त्याचं ऐकायचं म्हणून नव्हे.

नांदेडच्या शोरूममध्ये एक पांढरी गाडी होती. मकबूलनं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरची छोटी पट्टी वाचली. मागच्याच महिन्यात तयार झालेली. त्यानं विचारलं, एका चार्जिंगला खरोखर किती चालते, बिघडली तर माणूस कुठून येतो, बॅटरीची हमी किती वर्षांची. मग म्हणाला, "दादा, माल ताजा हाये. घेऊन टाका."

अमृतराव हसले. "मकबूल, तू मोटारीच बांध. आता ऑक्टोबर चालू हाये. तीन महिन्यांत साल बदलेल. एक तारखेला सकाळी उठलो की गाडी एक वर्सानं म्हातारी. कागदावर चोवीस साल राहील. कोण घेईल मग?"

"पण तुमी विकणार कव्हा?"

"विकायचं न्हाई, पण समज विकली तर?"

पोरांनो, या बोलण्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो, नाहीतर मी शिकवलं कसलं. जो माणूस दोन-तीन वर्षांनी गाडी विकतो, त्याला कागदावरचं साल महत्त्वाचं असतं. डिसेंबरची गाडी आणि जानेवारीची गाडी, अंतर महिन्याचं, पण घेणारा ते वर्षाचं मोजतो. म्हणून वर्षाच्या शेवटी शोरूमवाले सूटही देतात. पण जो माणूस जीप सतरा वर्षं वापरतो, त्यानं तीन महिन्यांसाठी रडणं म्हणजे शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यानं दाखल्यावरच्या जन्मतारखेसाठी भांडण्यासारखं आहे.

अमृतरावांनी सोडलेली ती गाडी मकबूलनं स्वतः घेतली. सालाचा आणि मुहूर्ताचा विचार केला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यात पंपाच्या मोटारी वाहू लागला.

जानेवारीत अमृतराव पुन्हा नांदेडला गेले. शोरूममध्ये डिसेंबरमध्ये तयार झालेल्या गाड्या होत्या, चार आठवड्यांच्या. "मागच्या सालाचा माल," असं म्हणून ते परतले. फेब्रुवारीत कुणीतरी सांगितलं की ऑगस्टमध्ये मोठ्या बॅटरीचं नवं मॉडेल येणार. झालं. आता घेणारा मूर्ख, थांबणारा शहाणा. थांबले.

या थांबण्यात अमृतरावांचं काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं राणीचं.

गावची शाळा सातवीपर्यंत. तालुक्याला, कळमनुरीच्या शाळेत सहावीपासून घेतात आणि तिथं प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मदर्शक आहेत. पण शाळेच्या वेळेला गावातून एसटी नाही, आणि जुनी जीप दुकानाच्या कामात अडकलेली. राणीनं पाचवीत असताना एकदा तिथं जाऊन कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मकबूलची मुलगी गौसिया तिच्याच वर्गातली. जूनमध्ये गौसिया सहावीला कळमनुरीला गेली. मकबूल कळमनुरीला मोटारी पोचवायचाच, तो तिला सकाळी सोडायचा. राणीला म्हणाला, "तू बी चल बेटा, मागं जागा हाये."

अमृतराव म्हणाले, "माझी नात दुसऱ्याच्या गाडीत? आन ती बी मी नापास केलेल्या? आपली येऊ दे. मंग रोज ऐटीत जाशील."

म्हणून राणी सहावीला गावातच राहिली. रोज संध्याकाळी गौसिया येऊन सांगायची, आज बेडकाचं चित्र काढलं, आज लोहचुंबक, आज पाण्याच्या थेंबातले किडे. राणी ऐकून घ्यायची आणि आबांना विचारायची, "आबा, गाडी?"

"येऊन राहिली."

ऑगस्टमध्ये मोठ्या बॅटरीचं मॉडेल आलं. दिवाळी आली. अमृतरावांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "दोन महिन्यांत साल बदलेल." मी खोटं सांगत नाही. तेच वाक्य, तोच चेहरा. मग ठरलं की आता दोन हजार सव्वीसचा गुढीपाडवा. साल नवं, मुहूर्त नवा, मॉडेल नवं. पांढरीच पाहिजे आणि पाडव्यालाच हातात पाहिजे.

पोरांनो, पाडव्याला गाडी पाहिजे असं म्हणणारे अमृतराव एकटे नसतात. त्या सकाळी नांदेडच्या शोरूममध्ये लग्नाच्या मांडवासारखी गर्दी होती. ताज्या पांढऱ्या गाड्या आधी नाव लावलेल्यांना गेल्या होत्या. अमृतरावांनी नाव लावलं होतं आठ दिवस आधी, कारण त्याआधी ते आणखी काही नवं निघतं का ते पाहत होते. पण शोरूमच्या मागच्या मैदानात एक पांढरी उभी होती. तिला धुतलं, पुसलं, चार्ज केलं, हार घातला आणि वर लाल साटीनचं कापड टाकलं. साटीन टाकलं की सगळं नवं दिसतं.

अमृतराव, त्यांची बायको लक्ष्मीबाई आणि राणी तिघं गेले होते. टाय लावलेला सेल्समन म्हणाला, "सर, कागदावर दोन हजार सव्वीसचीच नोंद होणार, नंबरही याच सालचा." अमृतरावांना एवढंच ऐकायचं होतं. त्यांनी विचारलं, हार खऱ्या झेंडूचा आहे का. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून फोटो काढला. बॅटरीचं विचारलं नाही. दार उघडून पाहिलं नाही.

दार राणीनं उघडलं. तिला मागं बसायचं होतं. चौकटीवर तिला एक पट्टी दिसली आणि सवयीनं ती वाकली. वाचलं. पुन्हा वाचलं. ०२/२०२५.

तेरा महिने. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलच्याही सहा महिने आधीची. म्हणजे आबा ज्यासाठी थांबले ते हिच्यात नव्हतं, आणि मागच्या जूनमध्ये ही गाडी इथंच कुठंतरी उन्हात उभी होती, राणी गावच्याच शाळेत राहिली होती तेव्हा.

आता तिच्या जागी उभं राहून बघा. कळमनुरीच्या शाळेत सातवीसाठी नाव द्यायची मुदत मार्चअखेरपर्यंत. बारा दिवस उरलेले. ती बोलली तर आबा गाडी परत करणार, पुन्हा थांबणार, आणि शाळा पुन्हा राहणार. ती गप्प बसली तर सूक्ष्मदर्शक मिळणार. आपल्यापैकी किती जण गप्प बसले असते ते मी विचारत नाही.

राणीनं आबांची बाही ओढली. हळूच म्हणाली, "आबा, पलटून पाहा."

अमृतराव वाकले. चष्मा वर केला, खाली केला. कानापर्यंत लाल झाले. सेल्समन लगबगीनं पुढं आला. "सर, तो फक्त कारखान्याचा महिना असतो. गाडी आजपासून नवी. हमी पण आजपासून."

हमीचं खरं होतं. बाकी तेच, जे अमृतराव तीस वर्षं लोकांना ऐकवत आले होते. जुनी पिशवी, नवं लेबल.

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "परत करा. न्हाईतर जुनी म्हणून भाव तरी कमी करून घ्या. आन घेतलीच तर काय बिघडलं? चालती हाये ना? लेकराची शाळा तरी व्हईल."

या बाईनं एका दमात तीन शहाण्या वाटा सांगितल्या. अमृतरावांनी चौथी शोधली. गावात वेशीवर हलगीवाले उभे होते. पेढे वाटून झाले होते. परत करायचं म्हणजे सगळ्यांना कारण सांगायचं. भाव पाडायचा म्हणजे जुनी आहे हे इतक्या लोकांत मोठ्यानं बोलायचं. त्यांनी चष्मा खिशात घातला आणि राणीला म्हणाले, "तुला काय दिसलं न्हाई. समजलं?"

गावात हलगी वाजली. मकबूल दुकानातून हात पुसत आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या बाजूला लिहिलेलं मॉडेलचं नाव वाचलं. त्याला सगळं कळलं. तो एवढंच म्हणाला, "मुबारक हो दादा. रंग बराबर माझ्या गाडीवाणीच हाये."

संध्याकाळी राणीनं शाळेचा अर्ज आबांपुढं ठेवला. अमृतराव अर्जाकडं न बघता म्हणाले, "रोज कळमनुरी न्हाई जमायचं. रोज दार उघडणं, पोरं चढणं, उतरणं. कोणीतरी वाचेलच ते."

"मंग मी मागच्या दारानं न्हाई चढणार. पुढून बसते."

"न्हाई म्हंजे न्हाई. उन्हाळा जाऊ दे. मंग पाहू."

म्हणजे बघा, गाडी नव्हती तेव्हा गाडी नाही म्हणून शाळा नाही. गाडी आली तेव्हा गाडी आहे म्हणून शाळा नाही.

दुसऱ्या दिवशी अमृतरावांनी डोंगरकड्याहून एक स्टिकर आणलं. सोनेरी अक्षरांत 'आई-वडिलांची पुण्याई'. लोक ते मागच्या काचेवर लावतात, जगाला दिसावं म्हणून. अमृतरावांनी ते दाराच्या आत, चौकटीवर, बरोबर त्या पट्टीवर लावलं आणि अंगठ्यानं दाबून दाबून बसवलं. मग गाडीवर ताडपत्री टाकली. सीटांचं प्लास्टिकही काढलं नाही. जिल्ह्यातली सगळ्यात नवी गाडी ओट्यासमोर झाकून उभी राहिली, आणि मालक जुन्या जीपमधून दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "पलटून पाहिली का?"

पायरीवर त्या दिवशी राणी बसली होती. ती हसली नाही. उठून घरी गेली. लक्ष्मीबाई तांदूळ निवडत होत्या.

"आजी, सही करतीस?"

"आबाला इचारलं का?"

"इचारलं. उन्हाळा जाऊ दे म्हन्ले."

लक्ष्मीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाई. प्रत्येक अक्षराला वेळ घेत त्यांनी अर्जावर पालकाच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "जायचं कशात?"

राणी अर्ज घेऊन उठली. ती बाहेर आली, ताडपत्रीचा कोपरा उचलला, आत शिरली आणि दार उघडलं. आबांनी शिकवलं होतं तसं स्टिकरच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि हळूहळू, न फाडता, सगळं स्टिकर सोलून काढलं. पट्टी पुन्हा उघडी झाली. दार तिनं उघडंच ठेवलं आणि ताडपत्री वर गुंडाळून टाकली, म्हणजे ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट वाचता येईल.

मग ती दुसऱ्या सकाळी, अर्ज वहीत ठेवून, मकबूलच्या दुकानासमोर त्याच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. गौसियानं आतून गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवर पोचवायची एक छोटी मोटार होती. राणीनं ती दोन्ही हातांनी उचलून खाली पायाशी ठेवली आणि तिच्या जागेवर बसली.