असुंताच्या तक्रारी

"सार्वभौमत्व ही राष्ट्राची सर्वांत पवित्र ठेव असते," असे म्हणत नेव्हिल थ्रॉसेलने कपाटाचा तिसरा खण जेवणाच्या टेबलावर उपडा केला. बायकोच्या नावाचे एखादे बिल त्यात सापडेल, अशी त्याला आशा होती. सापडली मेणबत्त्यांची थोटके आणि दंतवैद्याचे एक जुने कार्ड. तेही त्याच्याच नावाचे.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले होते, आणि बेडफर्डजवळच्या त्या गावात एकोणपन्नास वर्षे संसार केलेली असुंता कागदोपत्री अजून इटालियनच होती. जूनअखेरपर्यंत अर्ज करून, गेली पाच वर्षे आपण इथेच राहतो हे तिला सिद्ध करायचे होते. नाहीतर एक जुलैला ती स्वतःच्याच स्वयंपाकघरात बेकायदा उभी असणार होती. घर, वीज, पाणी, मोटार, सगळे नेव्हिलच्या नावावर. बाहेर पडण्याच्या बाजूने मतही नेव्हिलचेच.

"मासळीसाठी दिलं मी मत," तो म्हणाला. "आपल्या समुद्रातली मासळी आपल्याला मिळावी म्हणून."

"तू मासे खातोस कधी?"

"प्रश्न तत्त्वाचा होता."

"मग तत्त्वच तळून खा आता. मी गेले की तेही तुलाच तळायचंय."

"गेले की, असं म्हणू नकोस."

हे तो इतक्या हळू म्हणाला की असुंताने मान वर केली. तो थोटके उंचीप्रमाणे ओळीत लावत होता.

नेव्हिल सरकारी माहितीपत्रक नेहमी शेवटाकडून वाचत असे. शेवटच्या पानावर लिहिले होते की नाव, पत्ता आणि तारीख असलेले इतर कागदही चालतील. तेवढ्यावर त्याने ठरवले: गावसभेची इतिवृत्ते. माणूस इंग्लंडात खरोखर राहतो की नाही, हे त्याने लेखी तक्रार केली आहे का यावरून कळते, असे त्याचे ठाम मत होते.

सभेच्या चिटणीस मिसेस ओक्स सायकलच्या टोपलीतून पाच वह्या घेऊन आल्या.

"तुमच्या बायकोनं माझी किती पेनं संपवली ते देवाला ठाऊक," त्या बसता बसता म्हणाल्या. "एक सभा सुकी जाऊ दिली नाही."

"मला घालवा, म्हणजे काम हलकं होईल तुमचं," कॉफी ओतत असुंता म्हणाली.

"छे! मग सभेला यायचं तरी कशाला मी?"

नेव्हिल मोठ्याने वाचू लागला. चर्चचे घड्याळ सात मिनिटे मागे आहे. जॅमच्या स्पर्धेतल्या परीक्षकांना जीभ नाही. बसथांब्यावर बाक हवा. पुढच्या सभेत पुन्हा बाक. त्याच्या पुढच्याही.

"बाकासाठी एवढी भांडलीस? तू तर बसनं जातही नाहीस," तो हसत म्हणाला, आणि पान उलटून एकदम थांबला.

पानावर लिहिले होते: मिसेस थ्रॉसेल यांनी सांगितले की त्यांच्या पतीचे गुडघे दुखतात, परंतु ते कबूल करणार नाहीत. तरी बाक कोणासाठी मागितला याची गावात वाच्यता करू नये.

नेव्हिलने चष्मा काढून पुसला.

"काय झालं?" असुंताने विचारले.

"अक्षर फार बारीक आहे."

"माझं अक्षर बारीक नाही," मिसेस ओक्स म्हणाल्या, आणि कॉफीत पाहू लागल्या.

दोनशे बारा पानांच्या प्रती निघाल्या. रविवारी जेवण झाल्यावर नेव्हिलने त्या मांडीवर घेतल्या आणि असुंताने फोनवर अर्ज उघडला. पारपत्राचा फोटो झाला, चेहऱ्याचा झाला. मग सरकारी विम्याचा क्रमांक विचारला, ज्यावर प्रत्येकाच्या पगाराची आणि निवृत्तिवेतनाची नोंद सरकारकडे असते. एकतीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून आता निवृत्तिवेतन घेणाऱ्या असुंताला तो तोंडपाठ होता. तिने भरला. नेव्हिलने तिचा दुसरा हात धरून ठेवला होता.

अकरा सेकंदांत उत्तर आले. वास्तव्य सिद्ध झाले आहे. आणखी कोणतेही कागद जोडण्याची आवश्यकता नाही.