पाचव्या रांगेवरचा आरसा

मित्रांनो, मी एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात छताजवळ टांगलेला, पोट सुटलेला जुना गोल आरसा आहे. माझ्यात बघून भांग पाडायला जाल, तर नाक भोपळ्याएवढं दिसेल. माझं काम वेगळं आहे. मी एका नजरेत साऱ्या रांगा दाखवतो, म्हणजे कोणी कंगवा खिशात सरकवला तर गल्ल्यावरच्या माणसाला कळावं.

कारखान्यात मला साच्यात घालून फुगवलं, पाठीला चंदेरी मुलामा दिला आणि खोक्यात भरून पाठवलं. आमच्या मालकांची साठ दुकानं होती. बादल्या, पिना, साबण, खेळणी, सगळं बाजारापेक्षा स्वस्त. मोठ्या काचेच्या दुकानात शिरायला बिचकणारी माणसं आमच्याकडे ऐटीत यायची. शेजारचे छोटे दुकानदार मात्र आमच्या नावाने बोटं मोडायचे, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. साठही दुकानं एकाच नकाशावर मांडलेली. साबण तिसऱ्या रांगेत, बादल्या पाचव्या. डोळे बांधून सोडलं तरी गिऱ्हाइकाचा हात साबणावरच पडावा!

सुरुवातीला मॅनेजर म्हणायचे, "हा आरसा चार वॉचमनना भारी आहे." मग कॅमेरे आले आणि माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. धूळ बसली, कडेला कोळ्याने संसार थाटला. फक्त गल्ल्यावरची ताई मला न चुकता पुसायची.

त्याला कारण होतं. तिच्या वडिलांना विसरायला व्हायचं. घरात एकटं करमत नसे, म्हणून दुपारी चारला ते दोन गल्ल्या चालत यायचे आणि पाचव्या रांगेत एका पालथ्या बादलीवर बसून तिची वाट बघायचे. ताई माझ्यातून त्यांच्यावर लक्ष ठेवायची. ते मान वर करून हात हलवायचे. मला ती वेळ फार आवडायची.

पुढे लोक घरबसल्या वस्तू मागवू लागले आणि आमची दुकानं एकेक करून बंद पडू लागली. आमच्यावरही पाळी आली. ताईला, मॅनेजरना आणि मला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात पाठवलं. शेवटच्या दिवशी ताई वडिलांना समजावत होती.

"बाबा, नवं दुकान लांब आहे. तुम्ही आता घरीच थांबायचं. कधी मी घेऊन गेलेच, तर तुमची जागा तीच. पाचवी रांग, बादल्यांपाशी."

त्यातलं बाकी सगळं बाबांच्या डोक्यातून गळून गेलं. जागा तेवढी राहिली.

नव्या दुकानातल्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, ताई शिडीवर चढून मला पुसत होती. अचानक तिचा हात थांबला.

"बाबा? तुम्ही इथे कसे आलात?"

तिने वळून बघितलं. पाचव्या रांगेत दोन बायका प्लास्टिकचे मग निवडत होत्या. बादलीवर कोणी नव्हतं. तिने पुन्हा माझ्यात बघितलं. बाबा होते. गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या भोवतीच्या सगळ्या फळ्या रिकाम्या होत्या.

मित्रांनो, समोर असेल ते दाखवायचं, हा आम्हा आरशांचा धर्म. तो माझ्याकडून कसा मोडला, मला ठाऊक नाही. माझीच मला भीती वाटली.

"ताई, काय झालं? चक्कर येतेय का?" मॅनेजर धावत आले. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो... या फळ्या तर मालाने भरल्यात. आरशात रिकाम्या कशा?"

"हे आपलं जुनं दुकान आहे," ताई म्हणाली.

तेवढ्यात माझ्यातला उजेड वरून खाली कमी होऊ लागला. शटर ओढलं जात होतं. बाबांचे खांदे गेले, हात गेले, शेवटी पावलंही अंधारात गेली.

"किल्ली द्या! जुन्या दुकानाची किल्ली!"

"ती संध्याकाळी जागामालकाला परत करायची होती." मॅनेजरनी खिसे चाचपले. "ही बघा, आहे. चला, मीच नेतो."

पुढचं ताईने दुसऱ्या दिवशी सांगितलं. फळ्या काढायला आलेल्या कामगारांचं लक्ष नसताना बाबा आत शिरले होते. कामगार शटर लावून गेले, ते पंधरा दिवसांनीच परतणार होते. बाबांचे ओठ सुकले होते, पण ते शांत बसून होते.

"बाबा, ओरडायचं तरी!" ताई रडत म्हणाली.

"कशाला? तू वरून बघत होतीस की. मी हातसुद्धा हलवला."

त्यांनी बोट दाखवलं, तिथे भिंतीत माझ्या खिळ्यांची चार भोकं होती.

आता ताई बाबांना रोज बसमधून बरोबर आणते. मॅनेजर मला स्वतः पुसतात, पण माझ्याकडे एकटे बघत नाहीत.

आणि मी त्यांना दोष देत नाही. कारण कालपासून माझ्यात पुन्हा रिकाम्या फळ्या दिसताहेत. बादलीवर एक आजी बसल्या आहेत, मांडीवर पिशवी घेऊन. साठही दुकानं एकसारखी, त्यामुळे हे कुठलं बंद दुकान, ते मला ओळखता येत नाही. ताईने फोन केले, कोणालाच काही माहीत नाही. काल आजी अधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघत होत्या, हसून हात हलवत होत्या.

मित्रांनो, त्या तुमच्या कोणी असतील, तर लवकर या. आज त्यांनी हात हलवलेला नाही.