सहा गोळ्या आणि बटणांचं खोकं

आमच्या घरात तेहतीस मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहेत, आणि कोंबड्यांच्या खुराड्यात रॅकून शिरला की आई झाडू घेऊन धावते. कारण तेहतीसच्या तेहतीस कोऱ्या आहेत. एकीतूनही कधी गोळी सुटलेली नाही, आणि रॅकूनसाठी तर सुटणारच नाही, असं बाबांचं म्हणणं. रॅकूनला हे ठाऊक असावं. तो घाई करत नाही.

बाबा म्हणजे व्हर्जिल टॅकेट. पाइक काउंटीत एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. मोतीबिंदूमुळे लायसन्स गेल्यापासून ते मला चालवतात.

ते जमवतात फक्त स्टेनलेस स्टीलच्या, आणि त्याही अगदी पहिल्या खेपेतल्या. पहिली खेप ओळखायची कशी, तर तिची नेम धरायची मागची खाचसुद्धा चकचकीत स्टीलची असते. ऊन पडलं की ती अशी लकाकते की समोर अस्वल उभं असलं तरी दिसू नये. लोक कुरकुरले, मग पुढच्या खेपांत ती खाच काळी झाली. म्हणजे जिने नेम धरता येत नाही ती मौल्यवान, आणि जिने धरता येतो ती भंगार. हे मी एकदा जेवताना बोलून दाखवलं.

"तुला कळायला वेळ आहे अजून," बाबा म्हणाले.

मी सव्वीस वर्षांचा आहे.

या तेहतिसांतली राणी म्हणजे एकाहत्तर सालची एक. बाबा तिला पांढरे सुती हातमोजे घालूनच उचलतात. तिचं गोळ्यांचं चक्र फिरवायलाही बंदी, कारण फिरवलं की त्यावर केसाएवढी रेघ उमटते. तिची पावती आहे, माहितीपत्रक आहे, सोबत मिळालेला एवढासा स्क्रूड्रायव्हर आहे. नव्हतं ते फक्त तिचं पुठ्ठ्याचं खोकं. निळं, आणि तळाला शिसपेन्सिलीने त्याच बंदुकीचा नंबर लिहिलेलं. दर ऑक्टोबरात लुइव्हिल शहरात बंदुका जमवणाऱ्यांचा मेळावा भरतो. बाबा तिला मखमलीवर मांडतात, आणि परीक्षक चिठ्ठी ठेवून जातात: 'उत्तम. खोकं नाही. दुसरा क्रमांक.' अशा चार चिठ्ठ्या आमच्या फ्रिजवर लावल्या आहेत. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांच्या खाली आहे.

खोकं कुठे आहे, हे आम्हाला माहीत होतं. सतरा मैलांवर, इमोजीन स्लोन नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईंकडे, बटणांनी भरलेलं. बंदूक मुळात त्यांच्या नवऱ्याची, होबार्टची. तो गेल्यावर पुतण्याने ती लिलावात काढली आणि बाबांनी घेतली. खोक्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यात बटणं होती.

मग आमचे शनिवार सुरू झाले.

"ब्रेक."

"लावलाय, बाबा."

"मी आधीच लावला असता."

वाटेत रेल्वेची चार फाटकं लागतात. प्रत्येक ठिकाणी गाडी पूर्ण थांबवून, दार उघडून, कान देऊन ऐकायचं. स्कूलबसचा नियम. त्यातल्या दोन ठिकाणी आता रूळसुद्धा नाहीत. तिथेही आम्ही ऐकतो.

सात शनिवार बाबांनी खोकं मागितलं, आणि सात शनिवार इमोजीनबाईंनी आम्हाला उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव वाढून परत पाठवलं. एकदा बाबांनी चोवीस कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा नेला.

"नको. माझी बटणं पुठ्ठ्यात रमली आहेत," बाई म्हणाल्या.

आठव्या शनिवारी त्यांनी घेवड्याचं पातेलं टेबलावर आदळलं.

"टॅकेट, तुम्ही त्या खोक्याकडे जसं बघता ना, तसं होबार्टने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ऐका आता. एकाहत्तर साली मी वॉशिंग मशीनसाठी पैसे साठवले. होबार्ट मशीन आणायला गावात गेला आणि ही बंदूक घेऊन आला. वर मलाच सांगतो, ही गंजत नाही. मी म्हटलं, मग धू हिने कपडे."

"पण खरंच गंजत नाही," बाबा म्हणाले. मी टेबलाखालून त्यांना पाय मारला.

"चार वर्षं मी त्याचे खाणीतले कपडे हाताने धुतले. आणि त्याने ती पायमोज्यात घालून कपाटात ठेवली. एकदा उडवली नाही! मशीनऐवजी मी काय घेतलं, त्याचा आवाज तरी ऐकू दे मला. सहा गोळ्या. माझ्या हाताने. मग खोकं तुमचं."

बाबा पांढरे पडले. "अहो बाई, गोळी झाडली की ती कोरी राहत नाही."

"मीही राहिले नाही."

"मग त्या खोक्याचा उपयोग काय?"

"बटणं ठेवता येतात."

परतताना मी म्हणालो, "बाबा, कारखान्यातून निघण्याआधी तपासणीला प्रत्येक बंदूक झाडतातच. म्हणजे कोरी कुठलीच नसते."

"कारखान्यातलं धरत नाहीत."

"का?"

"धरत नाहीत, डेल!"

आठवडाभर बाबा ती बंदूक समोर ठेवून बसायचे, हातमोजे घालून, हात न लावता. शुक्रवारी सकाळी त्यांनी फ्रिजवरच्या चिठ्ठ्या ओळीने वाचल्या.

"खोकं नाही म्हणून दुसरा," ते म्हणाले. "आता झाडलेली म्हणून दुसरा. की तिसरा? असू दे. पन्नास वर्षं तिचं खोकं एकीकडे आणि ती एकीकडे. बरोबर नाही हे."

मग आम्ही गोळ्या आणायला गेलो. तेहतीस मॅग्नमच्या मालकाने आयुष्यात पहिल्यांदा गोळ्या विकत घेतल्या.

"सहा द्या," बाबा म्हणाले.

"पन्नासची पेटी असते, व्हर्जिल," दुकानदार म्हणाला.

"चव्वेचाळीस परत घ्याल?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

नवव्या शनिवारी इमोजीनबाईंनी घरामागे टेकडीच्या पायथ्याशी जागा तयार ठेवली होती. खुर्ची, हात टेकायला कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं, आणि पंधरा पावलांवर एक गंजलेलं वॉशिंग मशीन.

"हे का?" मी विचारलं.

"चार वर्षं उशिरा आलं."

आवाज कमी व्हावा म्हणून मी कानांवर लावायची झाकणं पुढे केली. त्यांनी हात झटकला. "ऐकण्यासाठी तर चाललंय सगळं, पोरा." आणि कानातल्या श्रवणयंत्राचा आवाज आणखी मोठा केला.

बाबांनी हातमोजे काढले. उघड्या हातांनी, एकेक करून, सहा गोळ्या भरल्या. चक्र फिरलं. त्यावर रेघ उमटली असणार. बाबांनी बघितलं नाही.

पहिल्या गोळीने टेकडीतली माती उडाली.

"मला काही दिसत नाही!" बाई ओरडल्या. "नुसता लख्ख उजेड!"

"हो ना?" बाबा एकदम खुलले. "पहिली खेप! मागची खाच!"

"टॅकेट, सावली करा!"

बाबा टोपी काढून त्यांच्या मागे उभे राहिले आणि त्या खाचेवर सावली धरली. आणखी दोन गोळ्या टेकडीला. नंतरच्या तीन मशीनला, एकीखाली एक.

मग सगळं शांत झालं. कोंबड्यासुद्धा.

इमोजीनबाईंनी बंदूक पोत्यावर ठेवली. मशीनवरची तीन भोकं मोजली.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

आत जाऊन त्यांनी बटणं पातेल्यात ओतली आणि खोकं बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते उलटं केलं. तळाला शिसपेन्सिलीचा नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच. धूर लागलेली बंदूक त्यांनी न पुसता आत ठेवली. ती अशी बसली, जणू सकाळीच बाहेर काढली होती. बाबांनी डोळे पुसले आणि मला सांगितलं, मोतीबिंदू.

परतताना दुसऱ्या फाटकावर, जिथे रूळ नाहीत, दार उघडून आम्ही न येणाऱ्या गाडीचा कानोसा घेत होतो, तेव्हा बाबा म्हणाले,

"डेल, आता ती झाडलेली."

"हो."

"पण कोणी झाडली, कशावर झाडली, सगळं पक्कं ठाऊक आहे. अशी दुसरी नसेल."

"नसेल."

"म्हणजे संच पुरा व्हायचा तर..."

"बाबा, नाही."

"तीन भोकं आहेत त्यात. हिचीच! वळव गाडी."

इमोजीनबाई व्हरांड्यात बसून बटणं निवडत होत्या. आम्हाला परत आलेलं बघून त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. बाबांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि वॉशिंग मशीन मागितलं.

"छे! त्यासाठी मी चार वर्षं थांबले होते," बाई म्हणाल्या. मग एक बटण उजेडाकडे धरून न्याहाळत त्यांनी विचारलं, "उरलेल्या गोळ्या कुठे आहेत?"

"गाडीत," मी म्हणालो.

"आणि बाकीच्या बत्तीस बंदुका?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ब्रेक उशिरा लावला होता.