धोंड्याच्या महिन्यातलं ग्राफिक्स कार्ड

एखाद्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असं घरात एकदा ठरलं, की मग ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नाही. मानपाड्याच्या शेलारांकडे हा मान थोरल्या लेकीच्या नवऱ्याचा, रत्नदीपरावांचा होता. ते ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसत. तिथे बसून लोकांना विम्यासाठी फोन लावत, ही गोष्ट वेगळी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी सासऱ्यांचा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दिला होता. वायर निघाली होती, ती त्यांनी खोचली. तेव्हापासून सीताराम शेलार चारचौघांत सांगत, "आमच्या जावयांचा हात लागला की मशीन बोलायला लागतं."

धाकट्या लेकीला, रुचिताला, काय कळतं, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. ती न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायची. पाया खणायच्या आधी बिल्डर जी चित्रं दाखवून फ्लॅट विकतो ना, निळा तलाव, फुललेला गुलमोहर, बाकावर बसलेले हसरे आजोबा, ती. घोडबंदरच्या एका ऑफिसात तिने वर्षानुवर्षं अशी चित्रं केली आणि प्रत्येक चित्राखाली साहेबाचं नाव पडलं. शेवटी ती नोकरी सोडून घरी बसली, आणि कल्याणच्या एका बिल्डरचं मोठं काम तिला तिच्या स्वतःच्या नावावर मिळालं. अख्ख्या वसाहतीची फिल्म करायची होती. गेटमधून आत शिरायचं, बागेतून फिरायचं, गच्चीवर जायचं. प्रदर्शनाच्या आधी ती द्यायची. जमलं तर पुढचं काम तिचंच. नाही जमलं तर पुन्हा तेच ऑफिस आणि तोच साहेब.

त्यासाठी तिला कॉम्प्युटरमध्ये बसवायला मोठं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. कोणतं, ते तिने पक्कं ठरवलं होतं. पैसे तिचे होते, नोकरीत साठवलेले. तरी घरात एवढी मोठी वस्तू यायची म्हणून तिने ते अप्पांना, म्हणजे सीतारामरावांना, समजावून सांगितलं. अप्पांचा जन्म खोपटच्या एसटी डेपोत गाड्या सोडण्यात गेलेला, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं.

"अप्पा, गाडी किती पळते ते नाही बघायचं. आत किती माणसं मावतात ते बघायचं. माझी झाडं, खिडक्या, माणसं, सगळं कार्डाच्या मेमरीत एकदम बसावं लागतं. नाही बसलं तर गाडी सुटतच नाही."

"म्हणजे गणपतीच्या जादा गाड्या," अप्पा हसले. "तिथे मिनीबस लावून भागत नाही."

त्यांना बरोबर कळलं होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

"पण एकदा जावईबापूंना विचारू," अप्पा म्हणाले. "त्यांना डावलून घेतलं तर बरं दिसत नाही."

ठाण्याच्या दुकानात काउंटरवर दोन खोकी ठेवलेली होती. एक रुचिताने सांगितलेलं, गेल्या पिढीचं, काळं, बिनदिव्याचं, चोवीस जीबी मेमरीचं. दुसरं यंदाचं, पांढरंशुभ्र, तीन पंख्यांचं, बारा जीबीचं. त्याचे पंखे फिरायला लागले की निळे-जांभळे दिवे पळायचे. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. दाजी पांढऱ्या कार्डासमोरून हलेनात.

"हे घे रुचिता. लेटेस्ट आहे. जुनं मॉडेल कोण घेतं यार आता?"

"दाजी, मला मेमरी जास्त लागते. बारामध्ये माझा सीन बसणार नाही."

"अगं, नवीन टेक्नॉलॉजी असते यात. मेमरी-बिमरी आपोआप ॲडजस्ट होते. ऑफिसात आमचं हेच काम चालतं ना."

"होत नाही ॲडजस्ट. मी बघितलेलं आहे, दाजी."

दाजींचं हसू जरा आखडलं. अप्पांनी ते टिपलं. त्यांनी लेकीचा दंड धरून तिला दुकानाच्या दाराशी नेलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चार माणसांत जावयाला खोटं पाडतेस? तुझ्या ताईला त्या घरात नांदायचंय." रुचिताने मागे वळून पाहिलं. दाजी पांढरं खोकं हातात फिरवून बघत होते, दुकानदार बिलासाठी नाव विचारत होता. तिने पुढे होऊन पांढऱ्याचे पैसे भरले. ताईचं नाव काढलं की या घरात सगळ्यांचीच बोलती बंद होते, आणि अप्पांना ते पक्कं ठाऊक होतं.

व्हायचं तेच झालं. नुसत्या इमारती होत्या तोवर कार्ड पळालं, अगदी वाऱ्यासारखं. बाग आली, झाडं आली, आणि मेमरी अपुरी असल्याची पाटी पडद्यावर आली. रुचिताने झाडं कमी केली. गाड्या काढल्या. हसरे आजोबासुद्धा बाकावरून उठवले. बिल्डरच्या माणसाचा फोन आला, "मॅडम, हे काय, गार्डन आहे की स्मशान?" तिने दाजींना फोन केला. ते म्हणाले, "कार्ड एक नंबर आहे. तुझंच सेटिंग चुकत असणार. नीट बघ जरा." दुकानदार म्हणाला, खोकं फोडलंय, आता परत घेता येणार नाही. मात्र ते काळं कार्ड तिच्यासाठी सोमवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणाला.

रुचिता रडत बसली नाही. तिने पांढऱ्या कार्डाचे फोटो काढून नेटवर टाकले, आणि कल्याणचा कमलेश नावाचा एक गेम खेळणारा तयारही झाला. तो रविवारी येऊन कार्ड नेणार, सोमवारी ती ठाण्याला जाऊन काळं आणणार. चार रात्री मशीन चालवलं असतं तर फिल्म वेळेत गेली असती. तिने हे घरी सांगितलं. अप्पा पेपर वाचत होते. "विकणार?" एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. त्यांनी ऐकलं, एवढं तिला पुरेसं वाटलं.

आणि रविवारी दाजी जेवायला होते. अधिक महिना लागला होता. हा महिना जावयाचा. तो विष्णूच्या जागी. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि तेहतीस अनारशांचं वाण दिव्यासकट हातात द्यायचं. वाणातल्या पदार्थाला जाळी पडलेली असावी लागते, म्हणून अनारसे, नाहीतर बत्तासे. वर जावयाला साजेशी एखादी वस्तू. मागच्या अधिकात अप्पांनी चांदीचं निरांजन दिलं होतं. यंदा काय द्यायचं याचा घोर त्यांना महिनाभर लागून राहिला होता.

पानं वाढून झाली आणि दाराची बेल वाजली. रुचिता उठायच्या आत अप्पांनी दार उघडलं.

"कमलेश. ते ग्राफिक्स कार्ड बघायला आलेलो. रुचिता मॅडम इथेच राहतात ना?"

"विकायचं नाहीये," अप्पा म्हणाले.

"विकायचंय!" रुचिता पुढे झाली. "या ना, आत या."

"रुचिता." अप्पांनी दार सोडलं नाही. "घरात कार्य आहे."

कमलेशने एकवार अप्पांकडे बघितलं, एकवार पाटावर सदरा घालून बसलेल्या जावयाकडे. "मॅडम, आपसात ठरवून घ्या ना आधी. मी कल्याणवरून आलोय," असं म्हणून तो जिना उतरला. रुचिता चपला शोधायला लागली, तोवर खाली त्याची बाइक सुरू झाली होती.

"काय विकताय, अप्पा?" दाजींनी विचारलं.

"विकत कशाला? भलतंच!" अप्पा येऊन बसले. त्यांचा चेहरा एकदम खुलला होता. "रत्नदीपराव, आम्ही म्हणलं, एवढं पारखून तुम्ही जे कार्ड निवडलंत ते तुमच्याच घरी शोभेल. हिच्या कामाला ते जरा जास्तच भारी पडतंय. तर यंदाचं वाण तेच. जाळी तर त्याला आहेच की!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली, पण ती रुचिताकडे बघत नव्हती. वाणाच्या ताटात अनारशांशेजारी तिने आधीच जागा सोडून ठेवलेली होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

"नको नको, अप्पा. हे जास्त होतंय," दाजी म्हणाले. तीनदा म्हणाले. मग म्हणाले, "खरं सांगू? दुकानात माझं मन ह्याच्यावरच बसलं होतं."

"अप्पा, ते माझं आहे," रुचिता म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझ्या पैशाचं आहे. ते विकून मला दुसरं आणायचंय. नाहीतर माझं काम जाईल, कळतंय का तुम्हाला? तुम्हाला समजावून सांगितलेलं ना मी? मिनीबस तुम्हीच म्हणालेला!"

ताई ताटाकडे बघत हळूच म्हणाली, "रुचे, सणाच्या दिवशी कशाला गं..."

"या घरात माझं-तुझं कधीपासून आलं?" अप्पा म्हणाले. ते चिडले नव्हते. ते समजूत घालत होते, आणि तेच वाईट होतं. "तुझ्या लग्नात वळतं करू. बापावर विश्वास नाही का?"

"रागावू नकोस गं," दाजी म्हणाले. "माझं जुनं कार्ड तुला देतो ना. सहा जीबीचं आहे. फुकट! तू तेवढ्यात आरामात भागवशील."

"बघा," अप्पा आईला म्हणाले, "मन किती मोठं आहे."

सहा जीबीत कल्याणच्या त्या वसाहतीचं गेटसुद्धा मावलं नसतं. रुचिताने ते सांगितलं नाही. कुणाला सांगायचं? ज्याला कळत नव्हतं तो विष्णू होऊन पाटावर बसला होता, आणि ज्याला कळलं होतं त्यानेच दान सोडलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला अप्पांचा इतका राग आला की त्यांच्या पांढऱ्या केसांचाही आला.

जेवणं झाली. आईने वाणाचं ताट पुसून घेतलं, वात तुपात भिजवली. दाजी हात धुऊन रुचिताच्या खोलीत शिरले. काचेच्या आड निळे-जांभळे दिवे पळत होते. त्यांनी कॅबिनेटची काच काढली आणि चालू मशीनमध्येच हात घालून पांढऱ्या कार्डाला हिसका दिला.

"अहो, थांबा!" रुचिता ओरडली. "चालू आहे ते!"

दाजींनी हात मागे घेतला. "मग कसं काढतात?" त्यांनी विचारलं. दारात ताई होती, ताट घेतलेली आई होती, त्यांच्यामागे अप्पा होते. रुचिता खाली बसली. तिने मशीन बंद केलं, वायर काढली, दिवे विझायची वाट पाहिली. अंगातली वीज उतरावी म्हणून सवयीने कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावला. स्क्रू सोडवून तळहातात घेतले. मग खाचेच्या टोकाची बारीक कडी बोटाने चाचपली.

अप्पा दाराशी आले आणि वाकून, काळजीने म्हणाले, "जपून काढ गं. यातलं तुलाच कळतं."

रुचिताने कडी दाबली आणि कार्ड जपून काढलं.